काळ्या पठारातली फट

खिंडारे हे त्याचं आडनाव नव्हे. भिंतीतलं खिंडार हुडकून काढणं हे त्याचं काम, म्हणून ऑफिसात त्याला हे नाव पडलं आणि इतकं चिकटलं की एकदा नव्या शिपायाने त्याच्या टेबलावरची पाटी याच नावाने रंगवून आणली. त्याने ती निमूटपणे ठेवून घेतली. फक्त अक्षरं एका ओळीत आहेत ना, हे पट्टी लावून पाहिलं.

आमची कंपनी व्हिडिओ गेम बनवायची. बनवायची म्हणजे एकच गेम, आणि तोही सहा वर्षं बनतच होता. नाव ‘धुक्याची सात गावं’. मोठंच्या मोठं जग, डोंगर, जंगलं, तलवारी, राक्षस, बोलणारी घुबडं, आणि खेळणाऱ्याने त्यात मनाला येईल तिकडे हिंडायचं. माझ्याकडे पावलांचे आवाज होते. एका बंद खोलीत खडी, वाळू, वाळकी पानं असे ट्रे मांडलेले असत आणि मी निरनिराळे बूट घालून त्यांवर दिवसभर चालत असे. पगार घेऊन एका खोलीत एवढं चाललेली दुसरी बाई मला माहीत नाही.

खिंडारेचं काम भिंतींचं. अशा गेममधली भिंत, खडक, जिना हे सगळं नुसतं कातडं असतं, आत काही नसतं. दोन तुकडे कुठे नीट जुळले नाहीत तर फट राहते आणि खेळणारा माणूस त्या फटीतून जगाच्या खाली पडतो. तो पडतच राहतो. खिंडारे रोज आठ तास प्रत्येक भिंतीला खांदा घासत चालायचा, दर तिसऱ्या पावलाला उडी मारायचा, मग वळून पाठ लावून तीच भिंत उलटी चालायचा. उलटी का, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “बनवणारा पुढून बघतो. पाठीकडून कोणी तपासत नाही.” सहा वर्षांत तो माझ्याशी एवढं सलग दोनचारदाच बोलला असेल.

फट सापडली की तो ताबडतोब कळवायचा. चहा हातात असेल तर खाली ठेवून. जागा कोणती, पावलं कशी टाकली, दहा वेळा केलं तर किती वेळा पडलो. आणि त्याचा एक नियम होता, तो त्याने कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवला होता: पुन्हा दाखवता आली नाही, तर ती फट नाही. दुसरं कोणी धावत येऊन सांगितलं की अरे, मी आत्ता पडलो, तर तो शांतपणे कंट्रोलर त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, “पुन्हा पड.”

या कंपनीत त्याला चिकटवलं त्याच्या भाऊजींनी. खिंडारेला आईवडील नव्हते. ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला, आणि तिचं लग्न झाल्यावर तिच्या नवऱ्याने बायकोबरोबर हा मेव्हणाही पदरात घेतला, कुरकुर न करता. तो राहायचा दोन गल्ल्या पलीकडे, पण रात्रीचं जेवण ताईकडे. फ्रिजच्या शेजारची खुर्ची त्याची. तिचा एक पाय डुगडुगायचा आणि त्याखाली घालायच्या घडीसाठी कागद कोणता घ्यायचा हेसुद्धा ठरलेलं होतं. भाऊजी आमच्याकडे झाडं काढायचे. चारशे अकरा झाडं, एकासारखं दुसरं नाही. आधी पेन्सिलीने कागदावर, मग संगणकावर. एका वठलेल्या झाडावर ते सात आठवडे बसले होते. आमच्यात खरा कलावंत कोण, तर भाऊजी, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं.

आमचा गेम बाजारात यायला वर्ष उरलं होतं आणि दुसऱ्याच एका कंपनीचा गेम आला. ‘काळं पठार’. तशाच तलवारी, तसेच डोंगर. लोक वेडे झाले. मोठ्या साहेबांनी दोन मशीन मीटिंगच्या खोलीत आणून ठेवली, एकावर आपला, एकावर त्यांचा, आणि प्रत्येकाला एक फॉर्म दिला. दोन्ही खेळून बघा, तुलना करा, दहापैकी गुण द्या. आता अशा फॉर्मचं काय करायचं असतं हे नोकरी केलेल्या कोणालाही शिकवावं लागत नाही. सगळ्यांनी आपल्याला आठ आणि त्यांना सहा टाकले. मी ‘काळं पठार’ पाच मिनिटं खेळले, घोड्यावरून पडले, आणि पावलांच्या आवाजाच्या रकान्यात स्वतःला नऊ देऊन मोकळी झाले.

खिंडारे एकोणीस दिवस खेळला. त्याने एकतीस पानं लिहिली.

ती मी नंतर वाचली. ज्याला भाषेची फारशी सवय नाही अशा माणसाने पुराव्यानिशी लिहावं, तसं ते होतं. आपल्या गेममध्ये वर बाण आहे, तो कुठे जायचं ते दाखवतो. त्यांच्यात बाण नाही, लांब धूर दिसतो आणि आपण जातो. आपल्या नकाशावर दोनशे साठ खुणा आहेत. त्यांचा नकाशा कोरा आहे, चालू तेवढाच उमटतो. आपली तलवार बटण दाबलं की लागते. त्यांची आधी चुकते, तिसऱ्या दिवशी लागायला लागते आणि मग आपण हुशार झालो असं वाटतं. आपला घोडा शिट्टी मारली की हवेतून येतो. त्यांचा घोडा जिथे सोडला तिथेच उभा असतो, पावसात असेल तर भिजलेला. पावलांचे आवाज, आपले जास्त चांगले. (हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.) भिंती, दोन्ही ठीक, त्यांच्यात फट सापडली नाही. आणि जंगलाच्या रकान्यात: “आपली झाडं जास्त सुंदर आहेत. पण त्यांच्या जंगलात पुढे कोणी असेल तर पक्षी उडतात. त्यांच्या जंगलात मी चुकलो आणि मला परत जावंसं वाटलं नाही. आपल्या जंगलात चुकता येत नाही.”

मोठ्या साहेबांनी हे वाक्य सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ज्या दिवशी गेम बंद करतोय असं सांगितलं, त्याच दिवशी. पैसा लावणाऱ्या लोकांनी हात आखडता घेतला होता, ते आधीच ठरलेलं असणार, हे आज मला लख्ख दिसतं. त्यांना कोणाच्या तरी हातचा कागद हवा होता आणि तो आमच्या खिंडारेने एकतीस पानी, पानांना क्रमांक घालून दिला. साहेब म्हणाले, “आपलेच लोक असं म्हणतायत.” भाऊजी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मी खिंडारेला बाहेर गाठलं. मला प्रचंड संताप आला होता. “आठ टाकायला काय झालं होतं तुला?”

“आठ नव्हते,” तो म्हणाला.

जिन्याच्या खाली भाऊजी उभे होते, खोक्यात पेन्सिली आणि चित्रांच्या गुंडाळ्या घेऊन. हा माणूस कधी आवाज चढवून बोलत नसे, तेव्हाही बोलला नाही. “एवढं निर्दोष आहे ना त्यांचं?” ते म्हणाले. “मग आता त्यात एक फट दाखव मला. दाखव, आणि मग ये जेवायला.”

कोणीही दुसरा असता तर त्याला कळलं असतं की हे रागाचं बोलणं आहे. चार दिवस जाऊ द्यावेत, मग हातात काहीतरी घेऊन दारात उभं राहावं, ताईने मध्ये पडावं, आणि खुर्ची पुन्हा फ्रिजशेजारी यावी. खिंडारेला ते काम वाटलं. त्याने जागीच मान हलवली, जशी तो साहेबांनी नवी भिंत दिली की हलवायचा.

तो जेवायला गेला नाही. आणि तो आला नाही म्हणून भाऊजींचा राग मुरला. मुरलेला राग काढायला कठीण. भाऊजींना बिस्किटांच्या पुड्यांवर चित्रं काढायचं काम मिळालं. गव्हाच्या ओंब्या, दुधाचा पेला, पुन्हा गव्हाच्या ओंब्या. घरात खिंडारेचं नाव घ्यायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, पण ते घेतलं की भाऊजी ताटावरून उठत. ताईने मग घ्यायचं सोडलं. दर गुरुवारी सात वाजता ती कचरा टाकायच्या निमित्ताने खाली उतरायची आणि जिन्यात उभी राहून भावाला फोन करायची. दहा मिनिटं. जेवलास का, खोकला गेला का, आणि वरून पावलं वाजली की चल ठेवते.

खिंडारेलाही काम मिळालं. नव्या इमारतीत घर घेणारे लोक त्याला बोलवतात आणि तो लहान हातोडीने एकेक फरशी वाजवून बघतो. खाली पोकळ लागली की खडूने फुली मारतो. बिल्डर त्याला पाण्यात पाहतात. मी एकदा त्याच्याबरोबर गेले होते, माझ्या मावशीच्या घरासाठी. चौदा फुल्या निघाल्या आणि मावशीने ते घर घेतलंच नाही. मी चेष्टेने म्हटलं, “तू जिथे जातोस तिथे लोकांचं घर मोडतोस.” तो हसला नाही, तेव्हा मला माझी जीभ चावावीशी वाटली.

संध्याकाळी साडेसातपासून नऊपर्यंत तो ‘काळं पठार’ चालायचा. खेळायचा नाही, चालायचा. खांदा भिंतीला, दर तिसऱ्या पावलाला उडी, मग पाठ. राक्षस आला तर त्याला टाळून पुढे. त्याच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, ते मशीन आणि भिंतभर चिकटवलेला आलेखाचा कागद. त्यात त्याने पठाराच्या चौकटी पाडल्या होत्या. तपासलेल्या चौकटीत तो पेन्सिलीने ‘ठीक’ लिहायचा. मी महिन्यातून एकदा जायचे. दर वेळी ‘ठीक’ वाढलेले असायचे. मी त्याला समजावलं, दरडावलं, एकदा रडलेसुद्धा. सरळ जाऊन पाय धर म्हटलं. तो म्हणाला, “रिकाम्या हाताने कसा जाऊ? फट दाखव म्हणालेत.” अशी चार वर्षं गेली.

मग एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. “सापडली.”

मी जेवण टाकून गेले. पठाराच्या उत्तरेला एका घाटात चुन्याची जुनी भट्टी आहे. भट्टीची भिंत आणि दगडी जिना जिथे मिळतात तिथे खाली बसायचं, ढाल वर धरायची आणि उलटं चालायचं. सातव्या पावलाला माणूस भिंतीत शिरला आणि गेला. खाली. मी पहिल्यांदा ते जग खालून पाहिलं. डोंगर पालथ्या वाटीसारखे पोकळ, नद्यांना तळ नाही, झाडांना मुळं नाहीत, आणि आपला माणूस त्या पोकळ्यांखाली लहान लहान होत चाललेला. दहापैकी दहा वेळा. मी कंट्रोलर घेतला आणि मीही पडले. चार वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. दात दिसले.

मी म्हटलं, “ताईला फोन लाव. आत्ता.” रविवार होता, गुरुवार नव्हता, तरी त्याने लावला. पलीकडे ताईने नवऱ्याला सांगितलेलं मला ऐकू आलं.  मग भाऊजींचा आवाज, फोनपासून लांब: “पुढच्या रविवारी बघू.”

फोनवर त्या पडण्याचं चित्रण करून ठेवावं, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. भाऊजींनी स्वतःच्या हाताने पडायला हवं, असं तो म्हणाला. आठवडाभर त्याने मशीनला हात लावला नाही, उगाच काही बिघडायला नको म्हणून. खोली पुसली, दोन खुर्च्या शेजाऱ्याकडून आणल्या, आणि त्यांतली एक डुगडुगत होती तर तिच्या पायाखाली कागदाची घडी घातली.

रविवारी ताई डबा घेऊन आली. चार वर्षांत ती बारीक झाली होती. भाऊजी दारात बूट काढताना थांबले, भिंतीवरचा तो कागद त्यांनी पाहिला, वरपासून खालपर्यंत, हजारो ‘ठीक’. त्यांचा चेहरा जरा हलला. “एवढं?” ते म्हणाले. खिंडारे म्हणाला, “बसा ना, भाऊजी.” ते बसले. मला वाटलं, झालं, आता फट दिसली काय, नाही काय.

मशीन चालू केलं तर स्क्रीनवर पट्टी आली: अपडेट होत आहे. ताई बोलत होती, पंखा लाव, पाणी दे. खिंडारे पट्टीकडे बघत होता. त्याचे हात मांडीवर होते आणि ते एकदम अगदी स्थिर झाले. मला वाटलं भीती वाटत असेल. सात मिनिटांनी खेळ उघडला.

भट्टीपर्यंत जायला जंगलातून वाट आहे. भाऊजींनी हा गेम कधी पाहिलाच नव्हता, तेव्हाचा फॉर्मही त्यांनी न खेळताच भरला होता, आणि नंतर तर नाव काढू देत नसत. कंट्रोलर हातात घेऊन ते पहिल्याच झाडापाशी थांबले. “साल चुकलीये,” ते म्हणाले. “ओल्या झाडाची साल इतकी फिकी नसते.” पुढे गेले, पुन्हा थांबले. मग लांबवर कुठूनतरी पक्ष्यांचा थवा उडाला. भाऊजी वाट सोडून तिकडे गेले.  मग आणखी आत. दहा मिनिटं झाली, वीस झाली, ते जंगलातच होते, पुढे वाकून, तोंड किंचित उघडं. ताई शेवटी म्हणाली, “अहो, ती फट बघायचीये ना?” तेव्हा ते भानावर आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सुखाचं नव्हतं. एकतीस पानांतलं ते वाक्य त्यांनी नुकतंच स्वतः चालून पाहिलं होतं.

भट्टी आली. खिंडारेने सांगितलं तसं ते खाली बसले, ढाल वर, उलटं चालले. सातवं पाऊल. आठवं. माणूस भिंतीला पाठ लावून जागच्या जागी पाय हलवत राहिला. “मी करू?” असं म्हणत खिंडारेने कंट्रोलर घेतला. दहा वेळा केलं. ताई मोजत होती, मग तिने मोजणं सोडलं. भिंत पक्की होती.

“दुरुस्त केली,” खिंडारे म्हणाला. “मी कळवलं होतं.”

“कोणाला?” ताईने विचारलं.

“त्यांना. पठारवाल्यांना. गेल्या रविवारीच.”

म्हणजे मला फोन करायच्या आधी. जागा, पावलं, दहापैकी दहा, सगळं लिहून पाठवलं, जसा माणूस बाहेरून आला की हात धुतो. त्यांचं आभाराचं उत्तरही आलं होतं, सगळ्यांना जातं तसं छापील.

मी म्हटलं, “भाऊजी, मी पाहिलीये. मी स्वतः पडले होते.” भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि मी पुढे काही बोलायच्या आत हा गाढव स्वतःच म्हणाला, “पुन्हा दाखवता येत नाही. म्हणजे फट नाही.”

भाऊजी उठले. बूट घालायला त्यांना बराच वेळ लागला. दारातून ते म्हणाले, “तू अजून त्यांचंच काम करतोयस.” रागाने नाही. एखादा आजार सांगावा तसं. ताईने डबा टेबलावर ठेवला, भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती नवऱ्याच्या मागून गेली.

आम्ही दोघं उरलो. मी त्याच्यावर ओरडले. एक आठवडा कळवलं नसतंस तर काय आभाळ कोसळलं असतं?

“त्या भट्टीपाशी लोक येतात,” तो म्हणाला. “कोणीतरी पडलं असतं.”

“पडू दे की. खेळ आहे तो.”

“खाली गेलं की वर यायला वाट नाही. मी शोधली.”

मग तो उठला, पेन्सिल घेतली आणि भट्टीच्या चौकटीत ‘ठीक’ लिहिलं.

ताईचा फोन त्यानंतर आला नाही. भाऊजी आता कचरा स्वतः टाकतात, असं कळलं. गुरुवारी सात वाजता तो फोन समोर ठेवून बसतो, साडेसातला उठून मशीन लावतो आणि पठारात पाठ भिंतीला लावून चालायला लागतो. भाऊजींनी सांगितलेलं काम काही परत घेतलेलं नाही, असं त्याचं म्हणणं.

परवा मी त्याला विचारलं, “समज, दुसरी सापडली. या वेळी आधी भाऊजींना बोलावशील ना?”

त्याने खरंच विचार केला. स्क्रीनवरचा माणूस तेवढा वेळ थांबला होता.

“आधी कळवीन,” तो म्हणाला. “मग बोलावीन.”